तंतोतंत

दादा हसतच प्रयोगशाळेत शिरला आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

दुकानातलं काम अर्ध्यावर टाकून आलेला शिंपी तो. खिशाला टाचण्या, बाहीवर दोऱ्याचे तुकडे तसेच. "काय गं चिमणे, एवढं तातडीनं बोलावलंस? आणखी काही खुशखबर आहे वाटतं!"

तिनं खुर्ची पुढे सरकवली.

पहिली खुशखबर तिनंच काल दिली होती. दादाच्या मुलाच्या हृदयाला बळ देणाऱ्या एका प्रथिनात, त्या लांबलचक साखळीत, जन्मतःच एक कडी बदललेली निघाली होती. फार आशा ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. पण प्रथिनांचे आकार कॉम्प्युटरवर बांधायचे हेच तर तिचं काम. बदललेल्या कडीसकट तिनं ते प्रथिन बांधलं, निरोगी आकारावर ठेवलं, आणि दोन्ही तंतोतंत जुळले. पडताळणी होईपर्यंत थांबायला हवं होतं. घाई केली म्हणून इतरांचे कान उपटणारी ही बाई, पण भाच्याच्या बाबतीत तिला राहवलं नाही. तिनं चित्र तसंच दादाला पाठवलं.

आताही पडद्यावर दोन आकार होते, एक निळा, एक पिवळा, एकात एक बसलेले.

"बघ, कसं चपखल बसलंय!" दादा पडद्याजवळ वाकला. "काडीचा फरक नाही. तो डॉक्टर उगाच घाबरवतो."

"दादा, हे आपल्या पिल्लाचं नाही."

"मग कुणाचं?"

"दुसऱ्या एका मुलाचं. त्याच्यातही एक कडी बदलली होती, आणि तेवढ्यानं सगळा आकार मोडला होता. ते प्रयोगात दिसलंय, त्यात शंकाच नाही. म्हणून मुद्दाम तेच बांधून बघितलं. तरी कॉम्प्युटर म्हणतो, सगळं ठीक आहे." ती त्याच्याकडे वळली. "त्यानं आजवर निरोगी आकारच जास्त पाहिलेत. एखादी कडी बदलली तर ते त्याच्या गावीही नसतं. कालच्या चित्राला काही अर्थ नाही रे."

दादानं पडद्यावरच्या आकाराच्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे माप न घेताच शिवतोय हा," तो म्हणाला.

त्यानं चिडावं, चार शब्द सुनावावेत, असं तिला मनापासून वाटत होतं. तो चिडला नाही.

"ते पोर... आहे ना?"

तिनं मान खाली घातली. मग मात्र तिला आवरेना. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि तिचं रडणं ओसरेपर्यंत तो काढला नाही.

निघताना तो दारात थांबला.

"वहिनीला फोन करू नकोस. मी सांगेन तिला. आज नाही." त्यानं बाहीवरचा एक दोरा ओढून काढला. "पिल्लाची शाळेची पॅन्ट शिवतोय. सकाळी ती म्हणाली, खाली चार बोटं कापड दुमडून ठेवा, आता झपाट्यानं वाढेल तो. मी सहा बोटं ठेवलंय."