एकशे एकावी सुई

प्राध्यापक बोगोमिल कराइव्हानोव्ह ऑपरेशनच्या टेबलावरून उतरले आणि पाठीमागून उघडा झगा सावरत पळत सुटले. असं काही घडलंच नाही, असं रुग्णालयाचं म्हणणं आहे.

सर भूलशास्त्राचे प्रमुख. शहरातला एकूण एक भूलतज्ज्ञ त्यांच्याच हाताखाली शिकून बाहेर पडलेला. त्या दिवशी हर्निया त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यांच्या पाठीत भुलीची सुई टोचायला शिकाऊ डॉक्टर योआना उभी होती. तीन वर्षांत तिने सरांसाठी कँटीनमधून चीज भरलेला गरम बानित्सा आणला होता, सरांच्या गाडीवरचा बर्फ खरवडला होता. सुईला मात्र सरांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता.

"पोरी, आजवर किती जणांना टोचलीस?" सरांनी मान वळवून विचारलं.

"शंभर जणांना, सर. तुम्ही एकशे एकावे."

"थापा मारतेस? मला?"

"माझ्या अनुभववहीत आहे ना, सर. प्रत्येक नोंदीखाली 'माझ्यासमोर केले' असं लिहून तुम्हीच सही केलीय." तिने सुई सरांच्या पाठीजवळ नेली. "हलू नका हं, सर. मला टोचायची जागा नीट दिसत नाहीये."

यापुढचं घडलंच नाही, असं रुग्णालय म्हणतं.



दुपारी संचालकांच्या टेबलावर सरांचा अर्ज आला: "मला भूल देण्यासाठी, ज्यांच्या अनुभववहीत माझी सही नाही असेच डॉक्टर याच शहरातून नेमण्यात यावेत, ही नम्र विनंती."