बिळाच्या तोंडाशी

काचेच्या पेटीतला खेकडा बिळाबाहेर आला आणि गोरक्षच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

अंगठ्याच्या नखाहून जरा मोठा जीव. एक नांगी एवढीशी, दुसरी जवळजवळ अंगाएवढी, गुलाबी-पांढरी. छोटीनं तो चिखल उचलून तोंडात घालत होता. मोठी नुसती सोबत वागवत होता.

"लेथवर असा एका बाजूला भारी जॉब लावला तर मशीन थरथर कापतं," गोरक्ष म्हणाला. "हा बघ. जरा कलंडत नाय."

"अप्पा, आधी कपडे बदला." त्याची मुलगी तेजस्विनी डहाणूच्या खाडीत या खेकड्यांचा अभ्यास करत होती. दोन दिवसांसाठी नाशिकला घरी आली, तर हा एक खाडीच्या चिखलापाण्यासकट सोबत आणला होता. "कंपनीचा शर्ट कशाला घातलात? दहाच्या एसटीनं देवळ्याला निघायचंय. काका स्टँडवर येणारेत."

"येऊ दे. मी येत नाय म्हणून सांगितलंय त्याला."

तिनं त्याचे कपडे बॅगेत कोंबले आणि चेन ओढली.

"शेजारच्या काकू काय म्हणाल्या, सांगू? रोज निघताना तुम्ही रिकाम्या घरात 'येतो गं' म्हणता आणि दारात उभे राहता. आईचं वर्षश्राद्ध आलं जवळ, अप्पा. एकटं राहून डोक्यावर परिणाम होतो माणसाच्या. काकांकडे चार माणसांत राहाल."

गोरक्ष पेटीकडे वळला. पेटीत खेकडा बिळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मोठी नांगी वर नेली, खाली आणली. पुन्हा वर. आपण लांबच्या माणसाला हातानं 'ये, ये' करतो, अगदी तसं.

"कोणाला बोलावतोय?"

"मादीला."

"कुठंय मादी?"

"इथं नाही. एकटाच आणलाय."

"मग याच्याबी डोक्यावर परिणाम झालाय म्हण की."

तेजस्विनी हसली. मग तिचं हसू ओसरलं.

"नाही," ती म्हणाली. "चांगला धडधाकट आहे. आजारी असता तर नांगी उचललीच नसती त्यानं."

"लय दम लागत असेल. एवढं वजन, पुन्हा पुन्हा."

"लागतो."

"गडी आहे," गोरक्ष म्हणाला. बराच वेळ तो वाकून बघत राहिला.

मग त्यानं कप विसळून पालथा घातला, डबा घेतला, बूट चढवले. अंबडला कंपनीत नेणारी बस कोपऱ्यावर यायची वेळ झाली होती. तेजस्विनीनं अडवलं नाही. त्यानं दार उघडलं आणि स्वयंपाकघराकडे बघून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "येतो गं."

आणि थांबला. सविता ओट्यापाशी हात पुसत 'या हं' म्हणायची, तेवढा वेळ.

तेवढा वेळ तेजस्विनीही गप्प उभी राहिली. पेटीतली नांगी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

तो जिना उतरू लागला, तेव्हा मागून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.