पोकळ जमीन

ॲम्ब्रोजची मुंगसासारखी लांबुडकी पाळीव फेरेट, क्वीनी, सशाच्या बिळात शिरली त्याला बराच वेळ झाला. ना ससा बाहेर आला, ना ती. ॲम्ब्रोजने जमिनीला कान लावला.

"पर्सी, खाली पोकळ आहे रे. क्वीनीच्या गळ्यातली घंटी घुमतेय बघ."

पर्सी लगबगीने उठला. तो या रानाचा राखणदार, आणि शेजारच्या या म्हाताऱ्या ॲम्ब्रोजनेच त्याला लहानपणी ससे धरायला शिकवलं होतं.

"येईल ती आपली आपण. चला काका, पाऊस येतोय."

"वा रे वा, माझी क्वीनी टाकून जाऊ? गाव तुला भित्रा म्हणतं ते काही उगाच नाही. धडधाकट माणूस, लढाईला गेला नाहीस, आणि आता बिळालाही घाबरतोस." म्हाताऱ्याने कुदळ हाणली.

पर्सीने त्याचा हात धरेपर्यंत माती आत ढासळली. खाली पायऱ्या होत्या, फळ्यांचे बिछाने होते, भिंतीशी सुरुंगांचे डबे रचले होते. एका घोंगडीवर क्वीनी ऐटीत बसली होती.

म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे जर्मन उतरले की तू इथं दडून त्यांना पाठीमागून गाठणार. आणि आम्ही गाढवं तुला नावं ठेवत बसलो."

पर्सी फांद्या गोळा करू लागला. बायकोलाही सांगायचं नाही, असा हुकूम होता. दुसरा हुकूम त्याहून वाईट होता. ही जागा ज्याला कळेल तो शत्रूच्या हाती जिवंत लागता कामा नये. जर्मनांनी ससेक्सच्या किनाऱ्यावर पाय ठेवला की पर्सीची पहिली गोळी त्याला. जमेल ना, असं लष्कराच्या साहेबाने विचारलं तेव्हा पर्सी हो म्हणाला होता. तोंडाने हो म्हणायला काय जातं? तेव्हा डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा नव्हता.

समुद्राकडून तोफांचा आवाज येत होता. कालपासून तो थांबला नव्हता.

"माझ्या तोंडाला कुलूप," पायऱ्या चढून वर आलेल्या क्वीनीला खिशात कोंबत म्हातारा म्हणाला. "पण एक कर लेका. ते आले तर मलाही इथं आण. एकटा जीव, घरात बसून काय करू? बंदूक चालवता येते मला अजून."

पर्सी भगदाडावर फांद्या टाकत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"त्या दिवशी सगळ्यांत आधी तुमच्याकडेच येईन, काका."

"मग दाराला कडी लावणार नाही," म्हातारा म्हणाला.