खंड्या कुणासाठी उठतो

"कुणी आलं की उठतो का?" म्हाताऱ्या खंड्या कुत्र्याचे मागचे पाय चाचपत जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"कुणासाठीच उठत नाही," गोदाक्का म्हणाली. "दूधभाकरीला तोंड लावत नाही. हाल बघवत नाहीत हो."

खंड्याला पिल्लू असल्यापासून तिनेच वाढवलं होतं. पण वाटणी होऊन धाकटी जाऊ समोरच्या घरात गेली, तसा तो दिवसभर उंबऱ्यावर तोंड ठेवून तिकडेच बघत पडायचा. गोदाक्काच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भरवणारी मी आणि ओढ तिची?

डॉक्टरांनी सुस्कारा टाकून त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरायला घेतलं. तेवढ्यात अंगणात धाकटीच्या बांगड्या वाजल्या. खंड्याने कान टवकारले. थरथरत्या पायांवर तो कसाबसा उभा राहिला आणि शेपूट हलवत दाराशी गेला, रोज जायचा तसाच.

डॉक्टरांनी गोदाक्काकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"अक्का, डॉक्टर कशाला आलेत?" धाकटीने विचारलं.

"नखं कापायला," गोदाक्का म्हणाली आणि दूधभाकरीची ताटली तिच्या हातात दिली. "तूच भरव. माझ्या हातचं त्याला गोड लागत नाही."