एक माप मोठं

“सैल पॅड मी विकत नाही,” असं म्हणून सँडपेपर काकांनी गुडघ्याचे पॅड बाबांच्या हातातून चक्क काढून घेतले आणि खोक्यात परत घातले.

भिंगरीचा जीव खाली-वर झाला. स्केटबोर्डच्या या एवढ्याशा दुकानात बाबांना आणायला तिला सहा महिने लागले होते. सहा महिने बाबा नुसतं ‘बघू’ म्हणत होते, आणि त्यांच्या घरात ‘बघू’चा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. त्यात आत्याने जाहीर करून टाकलं होतं, “बारा पूर्ण होईपर्यंत काय उड्या मारायच्या त्या मारू दे. मग ती फळी माळ्यावर.” बाबा तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची काजं करत होते. त्यांनी मानही वर केली नाही. भिंगरीला पुढच्या आठवड्यात बारा वर्षं पूर्ण होणार होती.

आणि आज अचानक त्यांनी कात्री खाली ठेवली. “चल, तुझं ते दुकान दाखव. गुडघे-कोपर झाकल्याशिवाय यापुढे फळीवर पाय ठेवायचा नाही.”

सुरुवात तर झकास झाली होती. काकांनी तिला काही विचारायच्या आधीच तिचा बूट उलटा करून तळवा पाहिला. फळीवर चिकटवायचा तो खरखरीत काळा ग्रिपचा कागद विकतात, शिवाय जिभेलाही तशीच धार, म्हणून पोरांनी त्यांचं नाव सँडपेपर ठेवलेलं. “तळवे पार गुळगुळीत केलेस की! बारीक दाण्याचा कागद घेतलास तर वळताना पाय सुटेल. हा जाड दाण्याचा घे. बूट खाईल, पण तुला सोडणार नाही.”

बाबांनी त्या कागदावरून हाताची मागची बाजू फिरवली, कापडावरून फिरवतात तशी. “विजार घासली तर?”

“विजार शिवता येते, मास्तर.”

“ते खरं,” बाबा म्हणाले आणि गालात हसले.

हेल्मेटही बिनबोभाट ठरलं. काकांनी ते भुवयांच्या वर दोन बोटं बसवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला, तिला मान झटकायला लावली. “हेच,” बाबा म्हणाले. “अगदी डोक्याबरोबर आहे.” पण गाडी पॅडवर आली आणि अडली. “गुडघ्याचे आणि कोपराचे एक माप मोठे द्या. वाढतं अंग आहे.”

काकांनी बाही वर सारली. त्यांचा उजवा कोपर वाकडा होता, हात पुरता सरळ होतच नव्हता. “माझंही वाढतं अंग होतं. पॅडही होतं. पडलो तेव्हा ते घसरून मनगटाशी गेलं होतं. ही वाढेल तेव्हाचं तेव्हा बघू, मास्तर. पडणार आज आहे.”

भिंगरीला काकांचं पटत होतं आणि त्यांचा रागही येत होता. बाबा हट्टाला पेटले तर तसेच निघून जातील, आणि मग फळी आठवडाभर आधीच माळ्यावर. बाबांनी खोक्यातून पॅड पुन्हा काढले, उलटे केले आणि शिवणीवरून अंगठ्याचं नख ओढलं. “शिलाई बरी आहे,” ते म्हणाले. “पोरगी सैल घालणार नाही.”

“मग मोठे कशाला हवेत?”

बाबांनी ओठ मिटून पॅड काकांपुढे सरकवले. तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय. टाचण्या नसल्या तरी ते असल्यासारखेच बोलत.

“काका, द्या ना हो,” भिंगरी कळवळून म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आठवडाभर आधी चौकातल्या उतारावर ती अकरा वेळा आपटली होती आणि बाराव्यांदा उभी राहिली होती. ते त्यांनी दारातून पाहिलं होतं. “ठीक आहे. उद्या घालून दाखव. पॅड बोटभर जरी हललं, तर परत घेईन आणि तुझी फळीही ठेवून घेईन. मंजूर?”

“मंजूर,” बाबाच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा पॅड इस्त्रीच्या टेबलावर घडी घालून ठेवले होते. बाबा कॉलर कापत होते. “जा,” एवढंच म्हणाले. तिने ते कसेबसे चढवले आणि धावतच दुकान गाठलं.

काकांनी गुडघ्याचं पॅड दोन्ही हातांनी धरून हिसडा मारला. भिंगरी फरफटत पुढे आली, पॅड जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. मग ते जमिनीवरच बसले. “काढ बघू.”

त्यांनी पॅड उलटं केलं, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. गुडघ्यामागच्या कापडात एकीशेजारी एक अशा पाच शिवणी होत्या, प्रत्येक वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची. “एक उसवली की पुढची धरणार,” ते पुटपुटले. “दर वर्षी एक. आणि मी शहाणा या माणसाला माप शिकवत होतो!” त्यांच्या आवाजातली सगळी खरखर गेली होती.

भिंगरी खाली वाकली. गिऱ्हाइकाच्या कपड्यात बाबा आतून आकडा शिवतात, तसा प्रत्येक शिवणीच्या टोकाला बारीक आकडा शिवलेला होता. सोळा. पंधरा. चौदा. तेरा. आणि सगळ्यात घट्ट, आज तिचा गुडघा धरून ठेवणाऱ्या लाल शिवणीवर, बारा.

आत्याने जिथे थांबायला सांगितलं होतं, तिथून बाबांनी शिवायला घेतलं होतं.