अकरा नंबरचा साचा
कोणताही साचा वायरलेस टॅगवरून मिनिटात सापडला की हर्षाची नोकरी पक्की, असा मालकांचा शब्द होता. संत्र्यांचे प्लॅस्टिक कॅरेट बनवणाऱ्या कारखान्यातल्या चाळीस साच्यांना तिने टॅग लावले. आज मालकांना स्क्रीन दाखवली, तर चाळीसही साचे दारापाशी, ताटाएवढ्या जागेत! गोंधळलेली हर्षा धावली. तिथे खरंच ताट होतं. झेंडू, कुंकू आणि सगळे टॅग. “काका, हे काढले कोणी?” “म्याच. खंडेनवमी हाये, म्याडम. साऱ्या हत्यारायची पूजा केली, तुमचंच काहून सोडू?” कारागीर सहदेवकाका म्हणाले. “कोणता कोणत्या साच्याचा?” “तुमच्या स्क्रीनले इचारा.” मागून मालक आले. “सहदेवा, अकरा नंबर कुठं?” काकांनी न वळताच बोट दाखवलं. मालक हसले. “म्याडम, टॅग याच्याच गळ्यात बांधा. हा सापडला की सारं सापडते.” हर्षाने खरंच एक टॅग काकांच्या गळ्यात बांधला. तिची नोकरी पक्की झाली, आणि स्क्रीनवर दिसू लागलेल्या काकांचा गेटबाहेरचा चोरून चहा सुटला.