खिळ्यावरची रोटी

"काढ आई ती रोटी. आता कायमचा आलो," बेहरूज म्हणाला.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन खिळ्यांना दोन रोट्या टांगलेल्या होत्या. घर सोडणाऱ्याने एक घास खायचा, उरलेली रोटी भिंतीला टांगायची आणि घरी परतल्यावर त्यानेच ती संपवायची, ही त्या मुलखातली रीत. अलीकडची रोटी बेहरूजची. पलीकडची काळीठिक्कर पडलेली. ती लढाईवर गेलेल्या मामाची असणार, असं तो लहानपणापासून धरून चालला होता. मामा काही परतला नव्हता.

बेहरूज गुरांचा डॉक्टर, गोठ्यातच रमणारा. नऊ वर्षांपूर्वी वडिलांनी त्याला राजधानीत बोलावून घेतलं. वडील देशाचे राष्ट्राध्यक्ष, नाही कोण म्हणणार? दोनच वर्षं ये, म्हणाले. आधी शेतीखातं दिलं, मग जकात, मग रेल्वे. रेल्वेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी टाळ्या मात्र कडाडून पडायच्या. सोडतो म्हटलं की आणखी मोठं खातं गळ्यात पडायचं. मधे दहादा तो गावी आला. आई पोटभर जेवू घालायची, पण रोटीला हात लावायची नाही. पाहुणा म्हणून आलायस, म्हणायची.

आज सकाळी मात्र त्याने राजीनामा वडिलांच्या टेबलावर ठेवला आणि एकटाच गाडी हाकत आला. आईने त्याला नीट निरखलं. मग स्टुलावर चढून रोटी काढली, पदराने पुसली, त्याच्या हातात दिली. रोटी दगडासारखी झाली होती. भिजवायला ती चहा ओतू लागली.

तेवढ्यात अंगणात चार गाड्या थांबल्या. वडिलांचा सचिव छातीवर हात ठेवून आत आला, वाकला.

"साहेबांनी पत्र वाचलं. म्हणाले, ज्याला खुर्ची नको तोच खरा लायक. उद्या सकाळी पंतप्रधानपदाची शपथ आहे. सूट गाडीत ठेवलाय."

बेहरूजने तोंड उघडलं. पण नऊ वर्षांत नाही म्हणायची सवयच मोडली होती. बाहेर दोन शिपाई गाडीचं दार उघडं धरून उभे होते.

आईने त्याच्या हातातून रोटी काढून घेतली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.

"राहू दे मामाच्या शेजारी," तो कसंनुसं हसत म्हणाला.

"मामाची कुठली?" आई स्टुलावरून उतरली. "ती तुझ्या बापाची. तोही दोनच वर्षांसाठी गेला होता."